फ्रोझनच्या दुकानात जाताना

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी, स्टेशनच्या रस्त्याला एक नवीन प्रकारचं दुकान दिसू लागलं आहे. वर रंगीत बोर्ड, त्यावर पेंग्विन किंवा बर्फाचा डोंगर. आत एका भिंतीला काचेच्या झाकणाचे चार-पाच डीप फ्रीझर, दुसऱ्या भिंतीला कोरियन नूडल्स, थाई चिप्स, कसली तरी हिरव्या समुद्री शेवाळाची पाकिटं, चित्रविचित्र चॉकलेटं. गिऱ्हाईक स्वतः झाकण सरकवतं, हात घालतं, पाहिजे ते उचलतं. मुलं त्याला नुसतं 'फ्रोझन' म्हणतात. "आई, फ्रोझनमध्ये जाऊया ना."

आमच्या घाटकोपर-चेंबूर पट्ट्यात आरोग्याच्या बैठका घेताना हल्ली दर वेळी या दुकानाचा विषय निघतो. कुणी म्हणतं, सिस्टर, ते सगळं विष आहे ना? कुणी म्हणतं, नगेट्समध्ये चिकन असतं, मग पोराला प्रोटीन मिळत असेल. दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. म्हणून गेल्या महिन्यात महिला मंडळाच्या सात-आठ जणींना घेऊन मी सरळ दुकानातच गेले. पाकिटं हातात घेऊन बोललं की ते डोक्यात राहतं.

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्या विकत काही घेत नव्हत्या, फक्त एकेक पाकीट उचलून, उलटसुलट करून परत ठेवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या गावात दुकानदार मिठाची पुडी वरून टाकायचा पदरात. मालाला हात लावायची सोय नव्हती. इथं लावू देतात, तर लावून घेते." दुकानदार पोरगा बिचारा हसत उभा होता, त्याला काय कळणार. पण हात लावायचा, उलटसुलट करून बघायचा हा हक्क आहेच, तर तो पुरता वापरू. पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय टोपलीत टाकायचं नाही, एवढंच मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

आधी गोठवणं म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अन्न नासतं ते त्यातल्या जंतूंमुळे, आणि जंतूंना वाढायला पाणी लागतं. आपल्या आज्या-पणज्या मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वाळवायच्या. मराठवाडा-विदर्भात त्याला चान्या म्हणतात. पाणीच काढून टाकलं की जंतूंचं काही चालत नाही. बर्फाचंही तेच आहे. पाणी आत असतं, पण ते दगड झालेलं असतं, जंतूंच्या उपयोगाचं राहत नाही. फरक एक लक्षात ठेवा. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, निजतात. ऊब मिळाली की पुन्हा उठतात.

आजची पद्धत क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाने रूढ केली. तो 1912 नंतर काही वर्षं आजच्या कॅनडाच्या पूर्वेला लॅब्राडोरमध्ये होता. तिथले मूळ रहिवासी इन्यूइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे धरायचे, आणि मासा पाण्याबाहेर आल्याबरोबर गोठायचा. तो महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. बर्ड्सआयने ते पाहिलं, परत येऊन झटपट गोठवणारी यंत्रं बनवली, पेटंटं घेतली, आणि 1930 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात दुकानांमधून गोठवलेला माल विकायला सुरुवात झाली. ज्ञान इन्यूइटांचं, पेटंट साहेबाचं. हे आपल्याला नवीन नाही.

झटपट गोठवण्याला महत्त्व का, तर हळूहळू गोठलं की पदार्थाच्या आत बर्फाचे मोठे, टोकदार खडे होतात आणि ते पेशी फोडतात. मग वितळल्यावर पदार्थ लिबलिबीत होतो, पाणी सुटतं. पटकन गोठलं तर खडे बारीक राहतात. कारखान्यात ते पटकन होतं. दुकानात किंवा आपल्या घरी एकदा वितळलेला माल पुन्हा गोठवला तर तो हळूहळू गोठतो, आणि मधल्या वेळात जंतू वाढलेले असतात ते वेगळेच.

म्हणून दुकानात पहिलं काम चव-किंमत बघायचं नाही, माल एकदा वितळून गेलाय का ते बघायचं. मटारची पिशवी उचला आणि हलवा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकच गोळा झाला असेल तर ती पिशवी कुठेतरी वाटेत वितळली होती. नगेट्स, टिक्क्या एकमेकांना चिकटलेल्या, वाकड्यातिकड्या झालेल्या असतील, पिशवीच्या आत बर्फाचा जाड थर असेल, पुठ्ठ्याचा खोका खालून ओलसर-मऊ असेल तर ठेवून द्या. गोठवलेला माल उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचा असतो, पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. चांगल्या फ्रीझरवर तापमानाचा काटा किंवा आकडा दिसतो. नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि हेही विचारा की रात्री फ्रीझर चालू असतो का. काही दुकानदार वीजबिल वाचवायला रात्री स्विच बंद करतात. आम्ही विचारलं तेव्हा त्या पोराने आधी मान हलवली, मग मालकाला फोन लावला. विचारणारं गिऱ्हाईक आहे हे मालकाला कळलं, तेवढं पुष्कळ झालं.

आता घरचा प्रश्न. आपल्या बहुतेक घरांत फ्रीज असेल तर एका दाराचा, वरती बर्फाचा छोटा कप्पा. त्या कप्प्यात पाणी गोठतं म्हणून आपल्याला वाटतं तो फ्रीझरच आहे. पण असे बरेच कप्पे उणे 18 पर्यंत जात नाहीत, आणि दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. लाइट गेली की मोठा, गच्च भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता दोन दिवससुद्धा तग धरतो; आपला कप्पा काही तासांत पाणी सोडतो. तेव्हा 'वापरण्याची मुदत एक वर्ष' असं पाकिटावर छापलेलं असलं तरी ते वर्ष उणे 18 चं आहे, आपल्या कप्प्याचं नाही. घरी आणलेला फ्रोझन माल दोन-चार दिवसांत संपवायचा. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी, तासाभरात शिजवायचा. खरेदीत सगळ्यात शेवटी फ्रीझरकडे जायचं, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि तडक घरी. वाटेत मैत्रिणीकडे चहाला थांबायचं असेल तर आधी चहा, मग खरेदी.

आणि वितळलेलं परत गोठवायचं नाही. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं, "पण वाया जाईल ना." वाया जाईल असं वाटतंय तर शिजवून ठेवा. शिजवलेलं दुसऱ्या दिवशी नीट उकळी आणून खाता येतं. चिकनचं पाकीट रात्रभर मोरीजवळ वितळत ठेवणं सोडाच. खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, किंवा पाकिटावर लिहिलं असेल तर थेट कढईत टाका.

मग घ्यायचं काय? माझ्या मते फ्रीझरमधल्या मालाचे दोन ढीग करावेत. एका ढिगात नुसता गोठवलेला माल: मटार, मक्याचे दाणे, मिश्र भाज्या, मासे, कोळंबी, साधं कापलेलं चिकन. यात घटक पदार्थांच्या ओळीत एकच नाव असतं, फार तर मीठ. मटार तोडल्यावर लवकर, गरम पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे त्याचं पोषण बरंचसं टिकतं. बाजारात तीन दिवस पडून पिवळ्या पडलेल्या शेंगांपेक्षा तो वाईट नाही. पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा एक पिशवी मटार तीन वेळच्या भाजीत टाकता येतो. मात्र सुका वाटाणा रात्री भिजत घालायला वेळ असेल तर तोच स्वस्त आणि प्रथिनांतही वरचढ. कोळंबी-मासे घेताना 'निव्वळ वजन' बघा, कारण माशावर बर्फाचं पातळ आवरण दिलेलं असतं आणि त्या बर्फाचे पैसे आपण देऊ नयेत.

दुसरा ढीग म्हणजे कारखान्यात करून, चव लावून, बऱ्याचदा एकदा तळून गोठवलेला माल. फ्रेंच फ्राईज, स्मायली, आलू टिक्की, बर्गरची पॅटी, नगेट्स, सीख कबाब, मोमो, पराठे. गर्दी याच फ्रीझरवर असते आणि गोंधळही इथेच. फ्राईज कारखान्यात एकदा तेलात जाऊन आलेल्या असतात, आपण दुसऱ्यांदा तळतो. नगेट्सच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात 'चिकन' लिहिलेलं असतं, पण मागे घटकांची यादी वाचा. कायद्याने ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे जास्त ते आधी. चिकनपुढे बहुतेक वेळा टक्केवारीही असते. आमच्यातल्या एका ताईने तीन कंपन्यांची पाकिटं शेजारी शेजारी ठेवून वाचली. दिसायला तिन्ही सारखी, आतलं चिकन सारखं नव्हतं. बाकी काय? मैदा, ब्रेडचा चुरा, पाणी, तेल, स्टार्च. "म्हणजे पावाची भजी," ती म्हणाली. अगदी तसंच नाही, पण प्रोटीनसाठी नगेट्स देत असाल तर दोन अंडी बरी.

हा माल अजिबात घेऊ नये असं मी म्हणत नाही. 'गरिबाच्या पोरांना कशाला पाहिजेत हे लाड' हे वाक्य मी हॉस्पिटलच्या ओपीडीत डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. मोमो खायची हौस मोठ्या सोसायटीतल्याच पोरांना असावी असा काही नियम नाही. वाढदिवसाला, परीक्षा संपल्यावर, पगाराच्या दिवशी आणा, सगळे बसून खा. रोजच्या डब्यात ते नको, एवढंच माझं म्हणणं. आणि त्यामागचं पहिलं कारण मीठ आहे.

वस्तीत बीपी तपासताना मी विचारते, मीठ किती खाता? उत्तर ठरलेलं: "वरून घेत नाही, सिस्टर." ते खरंच असतं. पण मीठ पाकिटातून येतं आणि जिभेला कळत नाही. पाकिटावर ते 'सोडियम' या नावाने, मिलिग्रॅममध्ये, बहुधा 100 ग्रॅमच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम खावं, म्हणजे 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, साधारण एक सपाट चहाचा चमचा. त्यात भाजी-आमटीतलं, लोणच्यातलं, पापडातलं सगळं आलं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा पाकिटावर 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे 100 ग्रॅममागे दीड ग्रॅम मीठ. एका माणसाने 200 ग्रॅम कबाब खाल्ले तर 3 ग्रॅम मीठ तिथेच गेलं, दिवसाच्या निम्म्याहून जास्त. लहान मुलाची मर्यादा तर याहूनही कमी. (आपल्या सुकटीत आणि खाऱ्या माशातही मीठ भरपूर असतं. घरचं म्हणून ते माफ होत नाही. बीपीवाल्यांनी सुकट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावी.)

समोरच्या भिंतीवरच्या कोरियन नूडल्सच्या मोठ्या पाकिटांत हा आकडा बऱ्याचदा एका पाकिटातच हजाराच्या वर जातो. शिवाय तिखट. मुलं मोबाइलवर बघून एकमेकांना पैज लावतात, कोण संपवतो. 2024 च्या जून महिन्यात डेन्मार्कच्या अन्न खात्याने सॅमयांग कंपनीच्या बुलडाक नूडल्सचे तीन प्रकार बाजारातून परत मागवले होते, त्यातल्या तिखट द्रव्याचं प्रमाण मुलांना बाधेल म्हणून. पुढच्या महिन्यात फेरमोजणी करून दोन प्रकारांना परत परवानगी दिली, सगळ्यात तिखट तो दिली नाही. आपण तिखट खाणारी माणसं, आपल्याला काय होणार, असं म्हणून हसू नका. आपलं तिखट भाकरीबरोबर पोटात जातं. पैजेचं तिखट रिकाम्या पोटी, एका दमात जातं, आणि मग पोर पोट धरून, उलट्या करत माझ्याकडे येतं.

परदेशी पाकिटावर आणखी एक गोष्ट बघायची. त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारीची खूण हे सगळं असलं पाहिजे, मग ते स्टिकर लावून का असेना. ज्या पाकिटावर फक्त कोरियन किंवा थाई अक्षरं आणि दुसरं काहीच नाही, ते कुठल्या वाटेनं आलं सांगता येत नाही. तारीख खोडलेली किंवा तारखेवर नवीन चिकटपट्टी असेल तर दुकानदाराला दाखवा आणि ठेवून द्या. शाकाहाराची खूण हिरवा गोल आणि मांसाहाराची तपकिरी त्रिकोण, दोन्ही चौकटीत. जुन्या सवयीने लाल गोल शोधू नका.

तिथेच आइस्क्रीमचा फ्रीझर असतो. त्यातल्या काही कपांवर बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट' असतं. तो माल दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेलापासून बनवतात. खाल्ल्याने लगेच काही होत नाही, पण दूध म्हणून मुलाला देत असाल तर ते दूध नव्हे. स्वस्त पनीरच्या लाद्यांवरही 'अ‍ॅनालॉग' शब्द आहे का बघा. असेल तर त्यात दुधाच्या जागी, पूर्ण किंवा थोडं, दुसरंच काही आहे.

पैशाचं गणित तर आपण सगळ्या जणी करतोच, फक्त ते छोट्या पाकिटापाशी फसतं. दहा रुपयांच्या चिप्सच्या पाकिटात समजा 20 ग्रॅम माल आहे. म्हणजे किलोला 500 रुपये. घरात दोन मुलं, रोज एकेक पाकीट, महिन्याचे 600 रुपये, आणि पोटात काय तर बटाटा, तेल, मीठ. शेंगदाणे आणि फुटाणे त्याच्या निम्म्याहून कमी भावात येतात. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाण्यात 20 च्या आसपास. आता बहुतेक पाकिटांवर एमआरपीच्या शेजारी एका ग्रॅमची किंवा किलोची किंमतही छापलेली असते. ती अक्षरं बारीक असतात, पण दोन पाकिटांत कुठलं महाग ते तिथेच कळतं. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या ताईने हे गणित दुकानात सगळ्यांत आधी केलं.

ज्या भगिनी संध्याकाळी गाडी लावतात, फ्राईज-मोमो-नगेट्स विकतात, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तुमच्यासाठी फ्रोझन माल सोयीचा आहे हे मला मान्य आहे: सोलणं-कापणं नाही, उरलं तर नासत नाही, चव रोज सारखी. फक्त घरगुती फ्रीजवर धंदा करू नका. दोघी-तिघींनी मिळून जुना डीप फ्रीझर घेतला तर परवडतो. दुकानातून रोज लागेल तेवढंच उचलणं हा त्याहून स्वस्त उपाय. आणि तेलाकडे लक्ष द्या. तेच तेल परत परत तापवलं की त्यात घातक पदार्थ तयार होतात. तेल काळं पडलं, घट्ट झालं, फेस धरून राहू लागला, नेहमीपेक्षा लवकर धुरकटलं की ते संपलं. त्यात नवीन तेल ओतून ते नवं होत नाही. तीन वेळांपेक्षा जास्त वापरू नये असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला आहे, आणि गोठलेला ओला माल टाकला की तेल आणखी लवकर खराब होतं. माल टाकण्याआधी त्याच्यावरचा बर्फ झटकून घ्या. तेल उडून हात भाजल्याच्या केसेस मी कमी पाहिलेल्या नाहीत. मोमो वाफवायचा जास्त ठेवा, तळायचा कमी. गिऱ्हाईक दोन्ही घेतं.

कच्च्या मालाची नगेट्स आणि शिजवलेली नगेट्स यांतला फरकही पाकिटावर असतो, 'खाण्याआधी शिजवा' किंवा 'शिजवलेले' अशा शब्दांत. बाहेरून सोनेरी दिसलं म्हणजे आत शिजलं असं नव्हे. एक मोडून बघा, मधोमध गार किंवा गुलाबी नको. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस खाणार असेल तर यात हयगय नको.

माल खराब निघाला तर भांडण करून मोकळं होऊ नका. पाकीट फेकू नका. त्याचा पुढून-मागून फोटो काढा, त्यात बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट आली पाहिजे. बिल मागून घ्यायची सवय ठेवा. मोबाइलवर पैसे भरले असतील तर त्याचीही नोंद चालते. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, मराठीत बोला म्हटलं तरी चालतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपही आहे, कॉलेजातली पोरं ते दोन मिनिटांत भरून देतात. ज्याला पाकिटं नेऊन दाखवायची असतील त्यांनी रविवारी सकाळी विहारात बीपी तपासणी असते तेव्हा घेऊन यावीत. रिकामी असली तरी चालतील, मागची बाजू फाटलेली नको.